सत्र न्यायालयात शिक्षा झाल्यानंतर : मराठवाड्यातील कुटुंबांसाठी फौजदारी अपिलाची माहिती

निकालाच्या दिवशी सत्र न्यायालयात एक क्षण असा येतो, ज्याची घरच्यांना बहुधा कुणीच आधी कल्पना दिलेली नसते. न्यायाधीश दोषी ठरवल्याचे सांगतात, शिक्षेबाबत काही म्हणायचे आहे का ते विचारतात, मग शिक्षा सुनावतात, आणि इतकी वर्षे जामिनावर राहून तारखांना येणारा, सकाळी घरून भाकरी खाऊन निघालेला माणूस तिथूनच पोलिसांच्या ताब्यात जातो. मोबाइल, घड्याळ आणि खिशातले पैसे घरच्यांच्या हातात येतात. बाहेर आल्यावर ‘आता पुढे काय’ या प्रश्नाला दहा माणसे दहा उत्तरे देतात आणि त्यांतली निम्मी चुकीची असतात. खून, खुनाचा प्रयत्न, सदोष मनुष्यवध (खुनाच्या व्याख्येत न बसणारा मनुष्यवध) किंवा गंभीर दुखापत अशा गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसाच्या घरच्यांसाठी हा लेख आहे. मराठवाड्यातील न्यायालयांत फौजदारी काम करताना ज्या चुका मी पुन्हापुन्हा पाहिल्या, त्या टळाव्यात एवढ्यासाठी तो लिहितो आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करावी. अपील म्हणजे खटला पुन्हा पहिल्यापासून चालवणे नव्हे. साक्षीदार पुन्हा पिंजऱ्यात येत नाहीत, आरोपीला बोलावून ‘खरे काय घडले’ असे कुणी विचारत नाही. खालच्या न्यायालयात जे कागदावर उतरले तेच वरचे न्यायालय वाचते आणि त्या कागदांवरून दोषसिद्धी टिकते की नाही हे ठरवते. त्यामुळे निकालानंतरचे पहिले दोन महिने कागद मिळवण्याचे आणि ते नीट वाचण्याचे असतात.

पहिली पायरी : निकालाची प्रत त्याच दिवशी घ्या

कैदेची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालपत्राची प्रत विनामूल्य आणि ताबडतोब मिळाली पाहिजे, असा कायदा आहे. पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 363 मध्ये होती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम 404 मध्ये आहे. ‘एम. एच. हॉसकॉट विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या 1978 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने निकालाची मोफत प्रत आणि अपिलासाठी मोफत वकील हे दोन्ही कैद्याचे हक्क असल्याचे सांगितले. ही मेहेरबानी नाही, म्हणून प्रत मागताना संकोच करू नये.

प्रत हाती आली की शेवटचे पान, म्हणजे आदेशाचा भाग, आधी वाचावा. कोणत्या कलमाखाली किती शिक्षा दिली आहे, सर्व शिक्षा एकाच वेळी भोगायच्या आहेत की एकामागून एक, दंड किती आणि तो न भरल्यास आणखी किती कैद, आणि खटल्यादरम्यान कोठडीत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होणार आहेत का, हे तिथे लिहिलेले असते. शेवटची बाब बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. अटकेनंतर वर्षभर कारागृहात काढलेल्या माणसाच्या मुदतीच्या शिक्षेतून ते वर्ष वजा झालेच पाहिजे.

शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल आणि आरोपी निकालाच्या दिवशी जामिनावर असेल, तर अपील करण्याचा इरादा सांगून त्याच न्यायालयाकडे शिक्षा तात्पुरती स्थगित करून जामीन मागता येतो. हा अर्ज वकिलाने तयार ठेवावा आणि शिक्षा सुनावल्यावर लगेच द्यावा. त्यावर आदेश झाला तर माणूस त्या दिवशी घरी येतो, पण ही सवलत अपील दाखल करण्यापुरतीच असते हे विसरू नये.

दुसरी पायरी : अपील कुठे जाते

न्यायदंडाधिकाऱ्यांनी शिक्षा दिली असेल तर अपील सत्र न्यायालयात जाते. सत्र किंवा अतिरिक्त सत्र न्यायाधीशांनी शिक्षा दिली असेल, मग ती दोन वर्षांचीच का असेना, अपील उच्च न्यायालयातच जाते. ‘शिक्षा लहान आहे, जिल्ह्यातच भागेल’ ही समजूत चुकीची आहे. ही तरतूद नव्या संहितेच्या कलम 415 मध्ये आहे, जुन्या संहितेत ते कलम 374 होते.

मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांचे उच्च न्यायालय म्हणजे छत्रपती संभाजीनगरातील खंडपीठ, ज्याला कागदोपत्री औरंगाबाद खंडपीठ म्हणतात. ते 1981 मध्ये सुरू झाले आणि 1984 मध्ये त्याला कायम खंडपीठाचा दर्जा मिळाला. त्यापूर्वी किनवट किंवा उमरग्याच्या माणसाला अपिलासाठी मुंबई गाठावी लागे. आता रात्रीच्या एसटीने निघून सकाळी जालना रोडवर उतरता येते, आणि याचे मोल जुन्या पिढीतील पक्षकारांना विचारावे. जन्मठेपेचे अपील दोन न्यायमूर्तींपुढे चालते. कमी मुदतीच्या शिक्षेचे साधारणपणे एका न्यायमूर्तींपुढे. फाशीची शिक्षा असेल तर अपील केले नाही तरी उच्च न्यायालयाने ती कायम केल्याशिवाय तिची अंमलबजावणी होत नाही.

तिसरी पायरी : मुदत मोजा

मुदत कायद्याप्रमाणे उच्च न्यायालयात अपील करण्यास 60 दिवस आणि सत्र न्यायालयात करण्यास 30 दिवस मिळतात. फाशीच्या शिक्षेविरुद्धही 30 दिवसच असतात. महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याखाली, म्हणजे मोक्का लागलेल्या खटल्यात, उच्च न्यायालयात जायला 30 दिवस आहेत. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील विशेष न्यायालयाच्या निकालावर 90 दिवस आहेत; तरीही 60 दिवसांतच अपील दाखल करावे असा माझा आग्रह असतो, कारण शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवलेले काम अडचणीत सापडते.

निकालाचा दिवस आणि सही-शिक्क्याची नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस मुदतीतून वगळले जातात. ते दिवस नकलेवरच्या नोंदींवरून मोजतात : अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. तीन आठवडे उशिरा अर्ज केला असेल, तर ते तीन आठवडे तुमच्या पदरातून गेले. मुदत टळलीच तर विलंब माफ करण्याचा अर्ज करता येतो, आणि तुरुंगात असलेल्या माणसाच्या बाबतीत न्यायालये त्याकडे उदारपणे पाहतात. पण त्या अर्जात ‘गरिबी आणि अज्ञान’ एवढेच न लिहिता कोणत्या तारखेला काय अडले, पैसे कधी जमले, वकील कधी भेटले, कोण आजारी होते, हे क्रमाने लिहावे.

चौथी पायरी : वकील, आणि वकिलासाठी पैसे नसतील तर

जमीन किंवा बैलजोडी विकण्याआधी हा भाग वाचावा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 प्रमाणे कोठडीत असलेल्या व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे आणि तिथे उत्पन्नाची अट नाही. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, आणि खंडपीठात उच्च न्यायालय विधी सेवा उपसमिती काम करते. 15100 या दूरध्वनी क्रमांकावर राष्ट्रीय पातळीवरील विधी सेवा मदत मिळते. मोफत मिळालेला वकील कमी दर्जाचा असतो हा ग्रह सोडावा. खंडपीठात अनेक अभ्यासू वकील या यादीवर काम करतात.

शिक्षा झालेली व्यक्ती हर्सूलच्या मध्यवर्ती कारागृहात किंवा अन्यत्र असेल, तर तिला तिथूनही अपील करता येते. निकालाची प्रत जोडून अपिलाचा अर्ज कारागृह अधीक्षकांकडे द्यायचा आणि त्यांनी तो न्यायालयाकडे पाठवायचा, अशी नव्या संहितेच्या कलम 424 मध्ये सोय आहे. याला बोलीत जेल अपील म्हणतात. घरच्यांनी एवढेच पाहावे की कारागृहातून एक आणि खाजगी वकिलामार्फत दुसरे, अशी दोन अपिले एकमेकांच्या नकळत दाखल होणार नाहीत. भेटीला जाल तेव्हा हे स्पष्ट विचारा.

न्यायालयाच्या आवारात ‘पंधरा दिवसांत जामीन करून देतो’ म्हणणारी माणसे भेटतात. असा शब्द कुणीही देऊ शकत नाही. दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती मागावी, आणि अपील दाखल झाल्याचा क्रमांक स्वतःच्या वहीत उतरवून घ्यावा.

पाचवी पायरी : संपूर्ण संच गोळा करा

इथे मला थोडे थांबावेसे वाटते, कारण अपिलाचे खरे बळ याच कामात असते. निकालपत्र हे न्यायाधीशांनी पुराव्याचे केलेले वाचन आहे. पुरावा त्याच्या बाहेर, निशाणी क्रमांक टाकलेल्या कागदांत असतो. फिर्याद, दोषारोप, प्रत्येक साक्षीदाराचा सरतपास (त्याला बोलावणाऱ्या बाजूने विचारलेले प्रश्न) आणि उलटतपास, घटनास्थळ पंचनामा, निवेदन (आरोपीने पंचांसमोर सांगितलेल्या गोष्टीची नोंद) आणि जप्तीचे पंचनामे, जखमेचे प्रमाणपत्र किंवा शवविच्छेदन अहवाल, रासायनिक विश्लेषणाचा अहवाल, मृत्युपूर्व जबाब असल्यास तो, आणि आरोपीचा खुलाशाचा जबाब, असा पूर्ण संच हवा. यातले बरेचसे खटल्याच्या वकिलांकडे असते. ते त्यांच्याकडून आपुलकीने मागून घ्यावे. अपील दाखल करून घेतल्यावर उच्च न्यायालय मूळ अभिलेख मागवतेच, पण शिक्षेला स्थगिती मागण्याची वेळ त्याआधी येते आणि तेव्हा हाच संच वकिलाच्या हाती लागतो.

एका प्रकरणात बांधावरून झालेल्या भांडणात कुऱ्हाडीचा वार झाला होता. आरोपीची आई खताच्या गोणीची शिवलेली पिशवी घेऊन आली, तिच्यात सगळे कागद होते, अगदी तारखांच्या चिठ्ठ्यांसह. निकालात लिहिले होते की साक्षीदाराने ‘कुऱ्हाडीने डोक्यात मारले’ असे सांगितले. मराठीतला मूळ जबाब काढला तर साक्षीदार उलटतपासात म्हणाला होता, ‘कुऱ्हाडीचा तुंबा लागला’. तुंबा म्हणजे पात्याच्या विरुद्ध बाजूचा बोथट भाग, हे आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. डॉक्टरांच्या प्रमाणपत्रातही कापलेली नव्हे, फाटलेली जखम लिहिली होती. धारेने मारणे आणि तुंब्याने मारणे यांतून हेतूबद्दल वेगवेगळे निष्कर्ष निघू शकतात, आणि जिवे मारण्याचा प्रयत्न की गंभीर दुखापत हा प्रश्न तिथेच उभा राहतो. उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालत असल्याने मराठी जबाबाचे भाषांतर करावे लागते, आणि त्यात ‘हाणले’, ‘ढकलले’, ‘धावून गेला’ अशा शब्दांचे रंग सहज उडून जातात. म्हणून गावातल्या एखाद्या शिकलेल्या नातेवाइकाने वकिलाजवळ बसून मूळ जबाब आणि भाषांतर ओळीने ताडून पाहावे. हे काम कुटुंब स्वतः करू शकते आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

सहावी पायरी : अपिलात काय मांडायचे

अपिलाचा मसुदा वकील करतील, पण त्यामागचा विचार घरच्यांना समजला पाहिजे. खुनाच्या गुन्ह्याला जन्मठेपेहून कमी शिक्षा कायद्यात नाही. त्यामुळे खुनाची दोषसिद्धी तशीच ठेवून ‘घरी लहान मुले आहेत, शिक्षा कमी करा’ असे म्हणून उपयोग होत नाही. आधी दोषसिद्धीलाच हात घालावा लागतो. माणूस त्या घटनेत नव्हताच, असा एक मुद्दा असू शकतो. दुसरा असा, की पूर्वतयारी नसताना अचानक उसळलेल्या भांडणात रागाच्या भरात, गैरफायदा न घेता किंवा क्रूरपणा न करता वार झाला, म्हणून हा खून नसून सदोष मनुष्यवध आहे. या बदलाने जन्मठेपेच्या जागी काही वर्षांची कैद येऊ शकते. मात्र दोन्ही मुद्दे एकाच दमात मांडताना वकिलाला फार सांभाळावे लागते, म्हणून ‘मुख्य म्हणणे कोणते’ हे घरच्यांनी त्यांच्याशी मोकळेपणाने बोलून ठरवावे. खऱ्या घटनेबाबत वकिलापासून काही लपवू नये.

प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार नसेल आणि खटला परिस्थितीजन्य पुराव्यावर उभा असेल, तर ‘शरद बिरदीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या 1984 च्या निकालातील कसोटी लागते : प्रत्येक दुवा सिद्ध झाला पाहिजे, आणि सगळे दुवे मिळून आरोपीच्या दोषाशिवाय दुसरा कोणताही निष्कर्ष शक्य राहू नये. आरोपीच्या सांगण्यावरून हत्यार काढून दिल्याचा पुरावा असेल तर पंच टिकले की फितूर झाले, जागा सर्वांना खुली होती का, मुद्देमाल सीलबंद होता का, हे पाहावे. घरातील सगळ्या पुरुषांची नावे एका फिर्यादीत आली असतील, तर प्रत्येकाने नेमके काय केले हे कोणत्या साक्षीदाराने सांगितले याचा वेगळा तक्ता करावा. समान उद्देशाच्या कलमाखाली सर्वांना एकच शिक्षा झाली असेल तिथे तो तक्ता फार उपयोगी पडतो.

घटना 1 जुलै 2024 पूर्वीची असेल तर गुन्ह्याची कलमे भारतीय दंड संहितेचीच राहतात : खुनाला 302, खुनाच्या प्रयत्नाला 307. त्यानंतरच्या घटनेला भारतीय न्याय संहितेची 103 आणि 109 लागतात. घटनेच्या दिवशी आरोपीचे वय अठराच्या आत होते अशी शंका असेल, तर शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा लगेच काढावा. अल्पवयीन असल्याचा मुद्दा कोणत्याही टप्प्यावर, अगदी शिक्षा कायम झाल्यावरही, मांडता येतो.

सातवी पायरी : शिक्षेला स्थगिती आणि सुटका

अपील दाखल झाले म्हणून माणूस आपोआप सुटत नाही. त्यासाठी शिक्षा स्थगित करून जामीन मिळावा असा अर्ज, नव्या संहितेच्या कलम 430 प्रमाणे, वेगळा करावा लागतो. दहा वर्षे किंवा त्याहून अधिक कैद होऊ शकेल अशा गुन्ह्यात सरकारी वकिलांना लेखी विरोध नोंदवण्याची संधी दिल्याशिवाय आदेश होत नाही. ठरावीक मुदतीच्या शिक्षेत, विशेष कारण नसेल तर स्थगितीचा विचार उदारपणे करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने ‘भगवान रामा शिंदे गोसाई’ प्रकरणात 1999 मध्ये सांगितले आहे. जन्मठेपेत मापदंड कडक आहे. वरवर पाहता दोषसिद्धी टिकणार नाही असे काही दाखवावे लागते. तरी अपील वाजवी काळात ऐकले जाणार नसेल तर माणसाला वर्षानुवर्षे आत ठेवणे न्याय्य नाही, हे ‘कश्मीरा सिंग’ प्रकरणात 1977 मध्येच सांगितले गेले. पहिला अर्ज नामंजूर झाला म्हणजे दार बंद झाले असे नाही. काही काळ गेल्यावर, भोगलेल्या शिक्षेचा दाखला कारागृहातून घेऊन, पुन्हा अर्ज करता येतो.

आदेश झाल्यापासून प्रत्यक्ष सुटकेपर्यंतचे दिवस घरच्यांना सर्वांत लांब वाटतात. आदेशाची प्रत सत्र न्यायालयात सादर करून तिथे जातमुचलका (स्वतःचे हमीपत्र) आणि जामीनदार द्यावा लागतो. जामीनदाराचा सातबारा, ऐपतीचा दाखला, आधार कार्ड, छायाचित्रे ही तयारी आदेशाआधीच करावी, कारण तहसील कार्यालयातील दाखल्याला लागणारे दिवस कुणाच्याही हातात नसतात. दंड भरला असेल तर त्याची पावती जपून ठेवावी. पोलीस ठाण्यात हजेरी, फिर्यादीच्या गावात न जाणे, साक्षीदारांशी संपर्क न ठेवणे अशा अटी काटेकोर पाळाव्यात; समोरच्या घरातही कुणीतरी जिवानिशी गेलेले असते किंवा कायमचे अधू झालेले असते, आणि सुटकेचा गुलाल उधळून त्या घरापुढून मिरवणूक नेणे हा त्यांच्या जखमेवर घाव असतो. असे प्रकार जामीन रद्द होण्यालाही कारण ठरू शकतात.

शिक्षा झालेली व्यक्ती शासकीय नोकरीत किंवा निवडून आलेल्या पदावर असेल, तर शिक्षेला स्थगिती पुरत नाही. दोषसिद्धीलाच स्थगिती मागावी लागते आणि ती क्वचितच मिळते. संचित रजा आणि अभिवचन रजा, म्हणजे फर्लो आणि पॅरोल, या कारागृह प्रशासनाच्या वेगळ्या सवलती आहेत. त्यांचा अपिलाशी संबंध नाही.

आठवी पायरी : सुनावणी, आणि समोरच्यांचे हक्क

अंतिम सुनावणीला काही वर्षे लागू शकतात. सोळा अंक-अक्षरांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे खटल्याचा ओळख क्रमांक, घेऊन ई-कोर्ट्स ॲपवर सत्र खटल्याची, आणि उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर अपिलाची स्थिती स्वतः पाहत राहावी. वकील गैरहजर राहिले एवढ्याच कारणावरून फौजदारी अपील फेटाळता येत नाही, ते गुणदोषांवरच ठरवावे लागते, हे ‘बानी सिंग’ प्रकरणात 1996 मध्ये ठरले आहे.

शिक्षा झालेल्या व्यक्तीच्या अपिलात न्यायालय तिला निर्दोष सोडू शकते, कमी गंभीर कलमाखाली दोषी ठरवू शकते, शिक्षा कमी करू शकते किंवा फेरसुनावणीचा आदेश देऊ शकते. तिच्याच अपिलात तिची शिक्षा वाढवण्याचा अधिकार कायदा देत नाही. मात्र शिक्षा वाढवण्यासाठी राज्य सरकार स्वतंत्र अपील करू शकते. पीडित व्यक्ती किंवा मृताचे वारस निर्दोष सुटकेविरुद्ध, कमी गंभीर कलमाविरुद्ध किंवा अपुऱ्या भरपाईविरुद्ध अपील करू शकतात. गावात बैठक बसवून ‘आपसात मिटले’ असे लिहून आणले तरी खून किंवा खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा मिटत नाही. पीडितावर दबाव आणून लिहून घेतलेला कागद तर आरोपीवरच उलटतो.

अपील प्रलंबित असताना शिक्षा झालेल्या व्यक्तीचा मृत्यू झाला, तर कैदेच्या शिक्षेविरुद्धचे अपील संपते. पण नाव निष्कलंक व्हावे असे वाटणाऱ्या जवळच्या नातेवाइकांना ते पुढे चालवण्यासाठी 30 दिवसांत परवानगी मागता येते. हे फारच थोड्या घरांना माहीत असते.

उच्च न्यायालयाने शिक्षा कायम ठेवली आणि माणूस जामिनावर असेल, तर हजर होण्यासाठी दिलेली तारीख चुकवू नये. सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिकेसाठी 90 दिवस असतात आणि तिथेही विधी सेवा समितीमार्फत मोफत वकील मिळतो. त्या वेळी दिल्लीला नव्याने फारसे काही पाठवावे लागत नाही. पहिल्या दोन महिन्यांत गोळा केलेला तोच संच जातो, आणि त्याच्यावर उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत लागते.